डाव्या लगामाची शिवण

४ सप्टेंबर

तिसरं भोक! दादा सकाळी नऊलाच सामानखोलीत आला, मावशीची नाकपट्टी — घोडीचं तोंड मिटून ठेवणारा नाकाभोवतीचा पट्टा — माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "अजून एक पाड. सारखं तोंड उघडते." मी म्हटलं, "गेल्या महिन्यात दोन पाडलीत की." तर म्हणे, "मग तिसऱ्याला काय मुहूर्त पाहायचा?"

पाडलं. पंच ठेवला, हातोडी मारली, चामड्याची टिकली खाली पडली. माझं कामच ते. वीस वर्षं या तबेल्याचं चामडं मी शिवतेय — खोगिरं, पट्टे, लगाम. घोड्यांचं दादा बघतो, चामड्याचं मी. बाबांनीच वाटून दिलेलं.

पण मावशीचं आवळायला माझा हात उचलत नाही. सतरा वर्षांची घोडी. बाबांनी आणलेली. आमच्या रिंगणात शिकलेलं प्रत्येक पोर पहिल्यांदा तिच्या पाठीवर बसलं, म्हणून तिचं नाव मावशी. कुणाला पाडलं नाही, कुणाला चावली नाही. आता दादा म्हणतो, म्हातारपणी डोकं फिरलंय तिचं.

बाबांचा नियम होता — नाकपट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. आज नव्या भोकावर बसवून पाहिली. करंगळीचं टोकसुद्धा गेलं नाही. दादाला दाखवलं. म्हणाला, "बाबांच्या वेळी ती तोंड मिटून चालायची."

६ सप्टेंबर

उजवीकडे लोण्यासारखी वळते. डावा लगाम नुसता उचलला की मान ताठ, डोकं तिरपं, शेपटीचे फटके. दुडक्या चालीत तर बघवत नाही. मागचा उजवा पाय अर्धंच पाऊल टाकतो. दादा टाच मारतो, ती पाठ खाली दाबते, तो लगाम ओढतो, ती मान वर फेकते. मी खोलीची खिडकी लावून घेतली.

८ सप्टेंबर

टकळी पडली.

टकळी म्हणजे दादाची मुलगी. दहा वर्षांची, तोंडाला कुलूप नाही. आज डाव्या वळणावर तिने लगाम घेतला आणि मावशी वळलीच नाही. सरळ चालत कुंपणात! घाबरून नाही, उधळून नाही — वळता येत नसल्यासारखी. मधल्या दांड्यावर टकळीचं मनगट आपटलं. हाड मोडलं. प्लास्टर घातलंय.

मला वाटलं होतं ती रडेल. रडली नाही. म्हणाली, "आत्या, ती मुद्दाम करते. तिला मी आवडत नाही." आणि गप्प. ही पोर गप्प बसलेली मी आजवर पाहिली नव्हती.

संध्याकाळी दादाने व्यापाऱ्याला फोन केला. महिनाअखेरीला, तीस तारखेला, त्याची गाडी येणार. मी विचारलं, "पुढे कुठे नेतो तो त्यांना?" दादा म्हणाला, "ते आपण विचारायचं नसतं." मला माहीत आहे कुठे नेतो. दादालाही माहीत आहे.

९ सप्टेंबर

एकवीस दिवस उरलेत. मोजत नव्हते, तरी मोजले गेले.

१० सप्टेंबर

नालबंद आला होता. तो आला की तबेल्यात हसू असतं — घोड्याचा पाय मांडीवर आणि तोंड चालू. मावशीचा मागचा उजवा नाल काढून मला दाखवला. "ताई, बघा. पुढून पार झिजलाय. ही बाई पाय उचलत नाही, फरफटत नेते." मी विचारलं, पायात काही आहे का? त्याने खूर दाबला, ठोकला, सांधे वाकवून पाहिले. "पाय माझ्यापेक्षा धडधाकट आहे! दुखणं वर कुठेतरी आहे. माझं काम गुडघ्याखाली, वरचं डॉक्टरला विचारा."

दादाने त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

१२ सप्टेंबर

आज तासभर मावशीच्या पुढ्यात बसून तिचं खाणं पाहिलं. इतकी वर्षं तिच्यासाठी शिवतेय आणि ती खाते कशी हे कधी पाहिलं नव्हतं!

गवत घेते, उजव्या बाजूने चावते, थांबते. पुन्हा चावते. मग तोंडातून ओला गोळा खाली पडतो. चावून अर्धवट सोडलेला. गव्हाणीखाली असे सात-आठ गोळे होते. झाडणारा रोज ते गोळा करून टाकत असणार, त्याला काय कळणार.

चेहरा समोरून पाहिला. डाव्या डोळ्याच्या वर खळगा पडलाय, उजवीकडे नाही. डोळा आणि कान यांच्या मधे जबड्याचा सांधा असतो. तिथे बोटं ठेवली. उजवीकडे काहीच नाही, डोळे मिटून उभी राहिली. डावीकडे बोटं टेकली मात्र — डोकं असं झटकलं की माझी टोपी उडाली! गरम होतं तिथे. आणि सुजल्यासारखं.

नाकपट्टीची तीन भोकं आठवली. तोंड दुखत होतं म्हणून ती उघडत होती आणि आम्ही ते बांधून ठेवत होतो. मी बांधत होते. माझ्या हाताने.

१३ सप्टेंबर

दादाला सांगितलं. सगळं. गोळे, खळगा, गरम जागा. त्याने मधे तोडलं नाही, हेच नवल. मग म्हणाला, "कानस लावून दात घासून घेतलेत गेल्या वर्षीच्या मार्चनंतर दोनदा. दात ठीक आहेत." मी म्हटलं, दात नव्हे, सांधा. म्हणाला, "टकळीचं मनगट मोडलंय. उद्या मान मोडली तर? तू चामडं शिव."

मान खाली घालून शिवत बसले. सुई दोनदा बोटात गेली. वहिनी येऊन म्हणाली, "ताई, जाऊ द्या. बाबा गेल्यापासून ते घोड्यांजवळ असले की असेच असतात. घरी नाहीत तसे." म्हणजे घोड्यांनी काय पाप केलंय?

१५ सप्टेंबर

डॉक्टर आले. मीच बोलावलं, दादाला न विचारता. वाटलं भांडेल. भांडला नाही, येऊन दाराला टेकून उभा राहिला.

डॉक्टर कमी बोलणारे. पाय पाहिले, पाठ दाबली, तोंड उघडून आत दिवा धरला. मग दोन्ही सांध्यांवर हात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. म्हणाले, "डावा सांधा चांगलाच दुखतोय. जबडा दुखला की घोडा मान आखडून धरतो. मान आखडली की पाठ. पाठ आखडली की मागचा पाय पुढे येणार कसा? आणि डावा लगाम ओढलात की थेट दुखऱ्या जागेवर ओढ. ती ऐकत नाही असं नाही. तिला ऐकणं परवडत नाहीये."

मी दादाकडे पाहिलं. तो मावशीच्या पायांकडे पाहत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "हा सांधा उगाच असा बिघडत नाही. कधी मार लागला होता? पडली होती? बांधलेली असताना मागे ओढ घेतली होती?"

"नाही," दादा म्हणाला. लगेच, माझ्या आधी. मीही म्हटलं, "नाही."

डॉक्टर म्हणाले, "मग वयाचं झिजणं असेल. दोन्हीकडे होईल हळूहळू. त्यात सुया टोचून तिला त्रास देण्यात अर्थ नाही. मार असता तर गोष्ट वेगळी. एकाच बाजूचं असतं, काहीतरी करता आलं असतं."

गेले. मी "नाही" इतक्या चटकन का म्हटलं, कळत नाही.

१६ सप्टेंबर

चौदा दिवस.

१८ सप्टेंबर

आज मला कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

लगामांना तेल लावत होते. महिन्यातून एकदा लावतेच, पण लक्ष देऊन कधी नाही. मावशीचा डावा लगाम अंगठ्याखालून सरकवत होते आणि तोंडात बसणाऱ्या लोखंडाजवळ अंगठा अडला. शिवण! चार बोटं लांब जोड, तपकिरी दोऱ्याची. बाकी सगळ्या लगामाला पांढरा दोरा. शिवण माझीच. माझा टाका मी अंधारातही ओळखेन. पण हा लगाम कधी तुटला? तपकिरी दोरा मी गेल्या वर्षी थोडे दिवसच वापरला होता.

गेल्या वर्षीची वही काढली. मार्च. पान सापडलं. इथे उतरवून काढते, म्हणजे पुन्हा विसरायची सोय राहणार नाही —

"१७ मार्च. घाईत. सकाळी मावशीला पुसत होते, दादा तबेल्याच्या माळ्यावर गवत लावत होता. वहिनीचा फोन — बाबा न्हाणीघरात पडले, उठत नाहीत. हातात दुसरी दोरी नव्हती. लगामानेच कडीला बांधलं आणि बोलत दाराकडे गेले. मागे पत्रा पडला, मावशी बिथरली. मागचे पाय रोवून सगळं वजन टाकून ओढत राहिली. मी पोचेपर्यंत लगाम तुटला. डाव्या ओठातून थोडं रक्त. पुसलं. कुणी पाहिलं नाही. दवाखान्यात जातेय."

पुढची पानं कोरी. बाबा वीस तारखेला गेले.

घोडा लगामाने बांधायचा नाही. इथे पहिल्या दिवशी आलेल्या मुलाला आम्ही हे आधी शिकवतो, बसायचं कसं ते नंतर. बांधायची ती गळपट्ट्याच्या दोरीने, लगामाने कधीच नाही — ओढ बसली तर सगळी ओढ तोंडातल्या लोखंडावर, जबड्यावर येते. तबेल्याच्या भिंतीवर पाटी आहे: घोडा लगामाने बांधू नये. पाटी कुणी रंगवली? मी. बाबांनी शिडी धरली होती.

आणि तो तुटलेला लगाम मी बाबांच्या नंतर कधीतरी गुपचूप शिवला, खुंटीला अडकवला आणि डोक्यातून काढून टाकला. दीड वर्ष! दीड वर्ष ती बिचारी माझं ते एक मिनिट तोंडात घेऊन चालतेय. मला माझीच शिसारी आलीय.

१९ सप्टेंबर

दादाला सांगायला गेले. तो खोगीर उतरवत होता. म्हटलं, "दादा, एक बोलायचं होतं." म्हणाला, "बोल." मी म्हटलं, "चामड्याचं तेल संपत आलंय." म्हणाला, "मग आण." झालं! पन्नाशीला टेकलेली बाई मी.

२० सप्टेंबर

आज पुन्हा गेले. आज मेणाबद्दल बोलून आले.

भीती कशाची? मारणार थोडाच आहे. भीती ही की तो बाबांचं नाव काढेल. म्हणेल, त्यांची एकच घोडी होती आणि तीही तुला सांभाळता आली नाही. आणि ते खरंच असेल.

२२ सप्टेंबर

चौथं भोक.

व्यापारी आज घोडी बघायला येणार होता. दादा सकाळी पट्टी घेऊन आला. म्हणाला, "त्याच्यापुढे तोंड उघडता कामा नये." मला माहीत होतं ते भोक कशावर पडणार आहे. मी "नाही" म्हणू शकत होते. तीन अक्षरं नाहीत, दोनच आहेत. त्या दिवशी डॉक्टरांपुढे किती चटकन आली होती!

पाडलं.

व्यापारी आला, कुंपणावर कोपरं टेकून पाहत राहिला. मावशी तोंड घट्ट मिटून चालली. सगळे म्हणतील, किती शहाणी. घाम कुठे आला होता माहीत आहे? फक्त डाव्या कानाखाली. दादाने तिला डावीकडे वळवलंच नाही. सगळा वेळ उजव्या फेऱ्या. व्यापाऱ्याने होकारार्थी मान हलवली आणि गेला.

मी नाकपट्टी सोडली तेव्हा तिने जबडा हळूहळू उघडला, बाजूला फिरवला आणि कपाळ माझ्या छातीला टेकवलं. मला ढकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

२३ सप्टेंबर

डॉक्टरांना फोन केला. सामानखोलीचं दार लावून. म्हटलं, "मी त्या दिवशी खोटं बोलले." सगळं सांगितलं. तारखेसकट, पत्र्यासकट. ते एवढंच म्हणाले, "उद्या येतो. दादांना रिंगणात थांबायला सांगा."

दादाला सांगितलं, डॉक्टर पुन्हा येतायत. का, हे सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

२४ सप्टेंबर

डॉक्टरांनी डाव्या सांध्यात बधिर करायची सुई दिली. म्हणाले, "तास-दीड तास दुखणार नाही. नाकपट्टी काढा. दादा, बसा आणि डावीकडे न्या."

दादा बसला. हाताला सवय तीच — डावा लगाम आवळून धरलेला, भांडायच्या तयारीत. मावशीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि वळली. नुसती वळली! मान लांब, पाठ सैल, मागचा उजवा पाय पार पोटाखाली. दादाचा हात मोकळाच पडला, ओढायला काही राहिलंच नाही. त्याने लगाम सोडून दिला. दुडकी चाल झाली, मग दौड, डावीकडे आणि पुन्हा डावीकडे. कान पुढे. नाक फुरफुरत. टकळी प्लास्टर घेऊन कुंपणावर चढली आणि ओरडली, "आत्या, बघ! ती मुद्दाम करत नव्हती!" पंधरा दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला.

मी खांब धरून रडले. लाज वाटली नाही.

मग सुईचा गुण उतरला. दादा उतरून तिला हाताने फिरवत होता, आम्ही बघत होतो. आधी कान मागे गेले. मग मान आखडली. मग तो पाय अर्ध्यावर आला. कुणी काही करू शकत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "जुनी दुखापत आहे. त्यावर दीड वर्षाचं लोखंड आणि घट्ट पट्टी. तेव्हाच आठ दिवस विश्रांती दिली असती तर कदाचित…" सांध्यात औषध देता येईल, चरता येईल, खाता येईल. पण तोंडात लोखंड पुन्हा कधीच नाही. "हिने केव्हातरी बांधलेली असताना जबरदस्त ओढ घेतली असणार," असं म्हणाले ते, माझ्याकडे न बघता. माझ्यासाठी एवढी सोय ठेवली त्यांनी.

दादा मावशीच्या खोगिराचा तंग सोडत होता. हात थांबला. मग पुन्हा सोडायला लागला. शेवटी म्हणाला, "जिला लगाम घालता येत नाही ती घोडी ठेवून काय करायचं?"

तीस तारीख रद्द झाली नाही.

२६ सप्टेंबर

बोलून होणार नाही, हे आता मला पटलंय. गेल्या वर्षीची वही घेतली, सतरा मार्चचं पान दुमडलं आणि दादाच्या बाकावर, त्याच्या हातमोज्यांखाली ठेवली. वर डावा लगाम ठेवला, शिवण दिसेल असा. कुणी माझी वही वाचावी असं आयुष्यात वाटलं नव्हतं. आता वाचली नाही तर काय, ही भीती आहे.

२७ सप्टेंबर

हातमोजे नाहीत. वही नाही. लगाम नाही. दादाने जेवताना मीठसुद्धा मागितलं नाही, वहिनी घालायला विसरली होती तरी.

२९ सप्टेंबर

मावशीला आज तीनदा खरारा केला. गरज नव्हती. डावी बाजू तळहाताने पुसली, अगदी हलक्या हाताने. उद्या.

३० सप्टेंबर

गाडी आली नाही. दुपारी वहिनी म्हणाली, व्यापाऱ्याला यांनी परवाच नको म्हणून सांगितलं. मावशी मागच्या कुरणात आहे, तोंडात काही नाही, डोक्यावर काही नाही.

वही माझ्या बाकावर परत आलीय. सोबत नाकपट्टी, चारही भोकांपाशी कापून टाकलेली. सतरा मार्चचं पान उघडलं. 'कुणी पाहिलं नाही' — त्या ओळीखाली दादाच्या अक्षरात दोन शब्द.

'मी पाहिलं.'